लिझ फेअर कशी ऐकायची (आणि कुणासमोर नाही)

पहिली सूचना आधीच देऊन टाकते कारण ती मला कुणी दिली नव्हती. लिझ फेअर ही अमेरिकन रॉक गायिका, तिला ऐकायला घ्यायच्या आधी फोनचं गाडीबरोबरचं ब्लूटूथ तोडा. मी तोडलं नव्हतं. वाईला चाललो होतो, नवरा गाडी चालवत होता, मागे सासरे, खंबाटकी नुकताच संपलेला, आणि शफलने नेमकं 'फ्लॉवर' काढलं.

ज्यांना ते गाणं माहितीय ते आत्ता हसले असतील. बाकीच्यांसाठी सांगते, एका मुलीला एक मुलगा आवडलाय आणि त्याच्याबरोबर काय काय करायचं डोक्यात आहे त्याची ती यादी वाचते, वाण्याकडे आपण वाचतो ना तशी, एका सुरात, काहीही न गाळता. नवऱ्याला बटण सापडेना, मला फोन सापडेना (माझ्याच मांडीखाली होता), आणि गाणं आहेच दोन मिनिटांचं त्यामुळे आमची शोधाशोध होईपर्यंत ते आपोआप संपलं. मग मागून आवाज आला, "आवाज बरा आहे गं मुलीचा, पण म्हणतेय काय ती?" मी म्हटलं, प्रेमगीत आहे बाबा. तर म्हणाले, "मग इतकी कंटाळून का म्हणतेय?"

लिझ फेअरवर मी आजवर जे काही वाचलंय त्यात इतका मुद्द्याचा प्रश्न कुणी विचारलेला नाही. तो लक्षात ठेवा, आपण परत येऊ त्याच्यावर.

ही बाई कोण ते पटकन सांगते. जन्म १९६७ चा, दत्तक घेतलेली, वडील डॉक्टर, वाढली शिकागोच्या उत्तरेला विनेटका नावाच्या गावात, म्हणजे मिशिगन तळ्याच्या काठची झाडंबिडं असलेली एकदम सुखवस्तू वस्ती. ओहायोतल्या ओबरलिन कॉलेजात कला शिकली, मग काही काळ सॅन फ्रान्सिस्को, तिथे पैसे संपले, परत आईवडिलांच्या घरी. आणि तिथे १९९१ मध्ये आपल्या खोलीत बसून चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर फक्त गिटार आणि आवाज एवढ्यावर गाणी टेप केली, त्याला नाव दिलं 'गर्ली साउंड', दोन मित्रांना कॅसेटी पाठवल्या, त्यांनी कॉप्या काढून आणखी कुणाकुणाला दिल्या आणि ते पसरत गेलं. १९९३ मध्ये मॅटाडोर नावाच्या लहान लेबलने पहिला अल्बम काढला, 'एक्झाईल इन गायव्हिल', आणि त्या वर्षी न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाच्या समीक्षकांच्या मतदानात तो पहिला आला. तोपर्यंत बाईंना स्टेजवर उभं राहायची सवय पण नव्हती, चांगलीच भीती वाटायची. म्हणजे विचार करा, एवढं सगळं उघडं बोलणारी मुलगी आणि लोकांसमोर गायचं म्हटलं की पोटात गोळा.

आता ऐकायला कुठून सुरू करायचं. नवीन माणूस हमखास चुकतो तो इथे, कारण तो आधी गाण्यांची नावं बघतो. 'फ्लॉवर' आणि 'फक अँड रन' ही दोन नावं दिसली की तिथेच बोट जातं, ऐकून 'बापरे' म्हणतो, मित्रांना पाठवतो आणि समजतो की झाली लिझ फेअर ऐकून. तसं करू नका. 'डिव्होर्स साँग'पासून सुरुवात करा.

नाव घटस्फोटाचं आहे पण गाण्यात लग्नबिग्न काही नाही, दोघं जण गाडीने कुठेतरी लांब निघालेत, रात्र झालीय, मुक्कामाला खोली घ्यायचीय आणि एक घ्यायची की दोन यावरून बिनसतं. बस एवढंच. मग ती भांडणातल्या एकेक आरोपावर बोलते, हो तुझा लायटर मी ढापला, हो नकाशा पण माझ्याकडूनच हरवला, पण तू जेव्हा म्हणालास की माझ्याशी बोलण्यात काही अर्थ नाही तेव्हा ते मात्र मला खरं धरून चालावं लागलं. हे मी माझ्या शब्दांत सांगतेय, मूळ ओळी याहून साध्या आहेत. यात बघा काय केलंय. लायटर आणि नकाशा. कुणाचंही नातं मोडतं तेव्हा मोठ्या गोष्टींवरून मोडत नाही ना, चार्जर कुठे ठेवलास यावरून मोडतं, आणि ही पोरगी पंचविशीत ते इतकं बरोबर लिहून गेली की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं स्वतःचं एक जुनं भांडण आठवलं ज्यात मुद्दा होता ट्रेनचं तिकीट कुणाच्या पाकिटात होतं.

हे गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसतं ऐका, इंग्रजी कळलं नाही तरी चालेल. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. तिसऱ्यांदा शब्द सोडून फक्त गिटार ऐका, आणि ही पायरी लोक गाळतात म्हणून मुद्दाम सांगतेय. तिची गिटार चार्टातल्या कॉर्डसारखी वाजत नाही, मोकळ्या तारा मध्येच वाजत राहतात, आता इथे येईल असं वाटतं तिथे येत नाही. रेकॉर्डिंगची पद्धत पण तशीच होती, आधी तिची गिटार आणि आवाज, मग निर्माता ब्रॅड वुड त्याच्याभोवती ड्रम आणि बाकीचं बसवायचा. नेहमी उलटं असतं, आधी ड्रम पक्के आणि गाणारा त्यांच्यावर. इथे बाकीची वाद्यं तिच्या मागे धावतात, ती जिथे श्वास घेते तिथे थांबतात. हेडफोन लावून ऐकलंत तर हे धावणं ऐकू येतं. फोनच्या स्पीकरवर यातलं काहीच कळणार नाही.

हेडफोनचं निघालंच आहे तर 'फ्लॉवर' आता ऐका, कारण आता तुम्ही तयार आहात आणि घरात कुणी ऐकणार पण नाही. दोन आवाज आहेत, दोन्ही तिचेच. एक आवाज ती यादी वाचतोय, दुसरा वेगळंच काहीतरी म्हणतोय. एक खालच्या पट्टीत, एक वर, एकदम गोड, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरी गातात तसा. दोन्ही एकावर एक चढवलेत. फक्त यादी ऐकलीत तर गाणं चावट आहे. दोन्ही ऐकलेत तर मात्र एकाच मुलीच्या डोक्यात दोन रेडिओ चालू आहेत असं वाटायला लागतं, आणि मला विचाराल तर वयात आलेल्या कुठल्याही मुलीच्या डोक्याचं याहून खरं रेकॉर्डिंग मी ऐकलेलं नाही.

आता सासऱ्यांचा प्रश्न. कंटाळून का म्हणतेय?

आपल्याकडे बाईने उघड बोलायची गाणी काय कमी आहेत? लावणी आहे की. बाई म्हणते, हवं ते म्हणते, इशाऱ्यात म्हणते, कधी इशारा पण नसतो. पण लिहिलेली कुणी? होनाजी बाळा, राम जोशी, पुढे पठ्ठे बापूराव. बाईच्या तोंडी बाईची इच्छा, लेखणी पुरुषाची, आणि समोर बसलेला फेटेवाला पण पुरुष. मला लावणी प्रचंड आवडते, गैरसमज नको, पण तिच्यात अदा लागतेच, कारण समोरच्याला खूश करायचंय. लिझ फेअरने ती अदाच काढून टाकली. तेच शब्द, त्याहून उघडे, पण डोळा मारणं नाही, लाडिक होणं नाही, आवाज अगदी खालच्या पट्टीत, सपाट, शेवटचा शब्द लांबवणं पण नाही. समोर खूश करायला कुणी नाहीच आहे. म्हणून सासऱ्यांना ती कंटाळलेली वाटली. आणि म्हणूनच त्या काळात कित्येक पुरुष समीक्षकांना एकाच वेळी भुरळ पण पडली आणि भीती पण वाटली.

तिचा आवाज खरं तर मला जात्यावरच्या ओवीच्या जास्त जवळचा वाटतो. चाल नाही हो, ती जागा. पहाटे घर झोपलेलं असताना बाई दळत बसायची आणि नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, भावाबद्दल जे दिवसा बोलता येणार नाही ते जात्याला सांगायची, आवाज बेताचा, कारण शेजारच्या खोलीत माणसं आहेत. 'गर्ली साउंड'च्या टेपा ऐका, २०१८ च्या बॉक्स सेटमध्ये आल्यात, त्यात ती तश्शीच गाते, आईवडिलांच्या घरात, दार लावून, शेजारी कुणीतरी झोपलंय अशा आवाजात. पुढे स्टुडिओ मिळाला, ड्रम आले, पण तो आवाज तिने सोडला नाही.

पुढची पायरी थोडी मेहनतीची आहे पण मजा पण इथेच आहे. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा १९७२ चा डबल अल्बम आहे, 'एक्झाईल ऑन मेन स्ट्रीट'. त्यात १८ गाणी. 'एक्झाईल इन गायव्हिल'मध्ये पण १८. योगायोग नाही, ती स्वतः सांगते की गाण्याला गाणं लावून तिने स्टोन्सना उत्तर दिलंय. यावर लोक वाद घालतात, काही म्हणतात नंतर जुळवलेली गोष्ट आहे, काही तक्ते काढून बसतात. तुम्ही वाद सोडा, एक रविवार काढा, दोन प्लेलिस्ट करा आणि एक यांचं एक तिचं असं ऐका. सगळी १८ नाही जमली तरी दोन जोड्या नक्की ऐका. पहिल्याला पहिलं, म्हणजे 'रॉक्स ऑफ' आणि मग 'सिक्स वन'. आणि दहाव्याला दहावं. स्टोन्सचं दहावं गाणं आहे 'हॅपी', त्यांचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स गातो, मस्त भन्नाट मोकाट गाणं, पैसा नको काही नको प्रेम दे म्हणणारं. तिचं दहावं आहे 'फक अँड रन'.

हे आता ऐकायचं. आधी नाही सांगितलं ते यासाठी. कीथ भाऊंचं हॅपी संपतं आणि लगेच एक मुलगी सकाळी उठते, शेजारी कालचा मुलगा, तो काहीतरी तोंडदेखलं बोलतो, आणि तिला कळतं की हा पण जाणार. आणि तिला काय हवंय तर पत्रं आणि सोडा पिणं, जुन्या काळासारखा बॉयफ्रेंड, एवढं साधं काहीतरी. गाण्याच्या नावावरून वाटतं की बेफिकीर पोरीचं गाणं असेल, आतमध्ये सगळं एकटेपण आहे. शेवटाकडे ती वयाचा एक आकडा म्हणते आणि पुढच्या वेळी तो आकडा आणखी खाली नेते, सूर तोच, ताल तोच, आणि मी पहिल्यांदा ते नीट ऐकलं तेव्हा हातातला चहा खाली ठेवला होता. ज्यांना वाटतं ती नुसती लोकांना धक्के द्यायला लिहायची त्यांनी ही जागा परत ऐकावी.

आणि 'सिक्स वन'बद्दल एक गंमत जी मला चाहत्यांना फार सांगावी लागते. लिझ फेअरची उंची ५ फूट २ इंच. गाण्यात ती म्हणते मी ६ फूट १ इंच उभी आहे. म्हणजे अल्बमच्या पहिल्याच गाण्यात, नावातच, तिने सांगून टाकलंय की हा 'मी' म्हणजे मी असेनच असं नाही. तरी लोक ३० वर्षं तिला विचारतायत की हे सगळं तुझ्या बाबतीत झालं का, कुणाबरोबर झालं. पुरुष गायकाने खुनाचं गाणं लिहिलं तर कुणी पोलिसात जात नाही, पण बाईने बिछान्याचं लिहिलं की लगेच डायरी समजतात. चाहते म्हणून एवढं पथ्य पाळा. तिची गोष्ट तिच्याच तोंडून हवी असेल तर २०१९ चं तिचं आठवणींचं पुस्तक आहे, 'हॉरर स्टोरीज', त्यात भुतं नाहीत, आपण माणूस म्हणून जिथे जिथे कमी पडलो त्याच्या आठवणी आहेत, आणि प्रसिद्ध लोकांची नावं शोधायला गेलात तर निराश व्हाल.

गायव्हिल म्हणजे काय हा प्रश्न येतोच. शब्द तिचा नाही, अर्ज ओव्हरकिल नावाच्या शिकागोच्याच बँडच्या गाण्यातून उचललेला. अर्थ सरळ आहे, गाय म्हणजे पोरगा आणि व्हिल म्हणजे गाव, पोरांचं गाव. १९९० च्या आसपास शिकागोच्या विकर पार्क भागात रॉकवाल्या पोरांचा जो अड्डा होता तो. सगळे बँडमधले, सगळ्यांकडे रेकॉर्डांचे ढीग, आणि मुलगी आली की तिला कुठला बँड चांगला कुठला भिकार हे समजावून सांगणारे. मला हे समजवायला कुणी लागलं नाही. मी पुण्यात ज्या कट्ट्यावर बसायचे तिथे अशी चार मुलं होती, तुला हे माहितीच नसेल अशी प्रत्येक वाक्याची सुरुवात, पिंक फ्लॉइड बँडवर बोलायचे तर चहा गार व्हायचा, आणि मी आणि माझी मैत्रीण मान डोलवायचो. आमच्याकडे पण कॅसेटी होत्या, आम्ही पण ऐकायचो, पण तिथे मुलींचं काम म्हणजे इंप्रेस होणं. लिझ फेअरने तेच केलं नाही. इंप्रेस व्हायच्या ऐवजी तिने सगळं लक्षात ठेवलं आणि लिहून काढलं.

पोरांना राग आला, येणारच. १९९४ मध्ये स्टीव्ह अल्बिनी, म्हणजे निर्वाना बँडचा 'इन युटेरो' ज्याने रेकॉर्ड केला तो, त्याने 'शिकागो रीडर' या साप्ताहिकाला एक पत्र लिहिलं ज्यात लिझ फेअर, स्मॅशिंग पंपकिन्स आणि अर्ज ओव्हरकिल तिघांना एका ओळीत झोडपलं, शीर्षकात बायकांना द्यायची शिवी वापरून. ज्या समीक्षकाला उद्देशून ते पत्र होतं त्याचं नाव बिल वायमन. स्टोन्सच्या बास वाजवणाऱ्याचं पण नाव बिल वायमन. वेगळा माणूस. पण स्टोन्सना उत्तर देणाऱ्या मुलीच्या भानगडीत हे नाव यावं, असलं कादंबरीत लिहिलं तर संपादक कापेल.

शिकागोला कुणी असाल, आणि आपली मराठी माणसं तिथे भरपूर आहेत, शॉमबर्ग नेपरव्हिल भरलंय नुसतं, तर एक शनिवार काढून फेरी मारा. मी प्रोजेक्टवर होते तेव्हा दर शनिवारी इंडियन ग्रोसरीला जायचे, तुम्ही एक शनिवार डेव्हॉन अव्हेन्यूची भाजी सोडा. ब्लू लाइनने डेमनला उतरा, तिथे तीन रस्ते एकमेकांना कापतात तो सहा कोपऱ्यांचा चौक म्हणजे विकर पार्कचं नाक. आता तिथे महागडी कपड्यांची दुकानं आहेत, पोरांचं गाव केव्हाच उठून गेलंय, भाडी बघूनच कळतं. डेमनने दक्षिणेला चालत गेलात की रेनबो क्लब नावाचा जुना बार लागतो, तिथल्या फोटो बूथमध्ये अल्बमच्या कव्हरवरचा तो फोटो काढलाय, अर्ज ओव्हरकिलच्याच नॅश कॅटोने. उघड्या तोंडाची, टोपीखालची ती. फोटो बूथ म्हणजे नाणं टाकून पासपोर्ट फोटो काढायची खोली असते ना तसली. मग वेळ उरला तर मेट्राच्या युनियन पॅसिफिक नॉर्थ लाइनने विनेटकाला जा, दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी बघा म्हणजे अल्बम दुसऱ्यांदा कळेल. एवढ्या शांत, गवत कापलेल्या, कुत्र्याला पट्टा लावलेल्या गावातली मुलगी त्या चौकात येऊन बसली होती. ती तिथली नव्हतीच. तिला बाहेरून दिसत होतं म्हणून लिहिता आलं.

गिटार शिकत असाल तर तिची गाणी बसवायला घेऊ नका लगेच, आधी खालच्या पट्टीत गायची सवय करा. आपल्याकडे मुलीने गायचं म्हणजे वर जायचं, लताबाईंच्या पट्टीत, सगळे क्लासवाले तसंच शिकवतात. मी १२ वर्षं तसं शिकले. लिझ फेअरचं गाणं त्या पट्टीत नेलंत की मेलं. तुम्ही फोनवर बँकेच्या माणसाशी ज्या आवाजात बोलता त्या आवाजात सुरुवात करा. हसू येईल, येऊ द्या. आणि स्वतः मराठीत लिहायचा प्रयत्न करणार असाल तर तिची एक सवय उचला, भावनेचा शब्द आला की तो खोडा आणि तिथे वस्तू ठेवा. विरह खोडा, तिथे त्याची राहिलेली छत्री ठेवा. बघा काय होतं. माझं एक गाणं यातून बऱ्यापैकी जमलं आणि सात फसले, पण सात आधी पण फसायचेच, फक्त जास्त गोड फसायचे.

आता अवघड भाग, २००३. त्याच्या आधीचे दोन अल्बम, १९९४ चा 'व्हिप स्मार्ट' आणि १९९८ चा 'व्हाइटचॉकलेटस्पेसएग', म्हणजे पांढऱ्या चॉकलेटच्या अंतराळ अंड्याच्या नावाचा (खरंच तेच नाव आहे), ते आरामात ऐका, त्यांना गाइड लागत नाही. १९९४ मध्ये ती 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या कव्हरवर आली होती. पण २००३ मध्ये तिने कॅपिटलसारख्या मोठ्या कंपनीकडून अल्बम काढला, नाव नुसतं 'लिझ फेअर', आणि त्यातल्या चार गाण्यांना द मेट्रिक्स या गाणी लिहून बनवून देणाऱ्या मंडळींना घेतलं, ज्यांनी नुकतंच अॅव्हरिल लविनचं 'कॉम्प्लिकेटेड' केलं होतं. झालं. पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या वेबसाइटने दहापैकी ०.० दिला. शून्य. म्हणजे वही कोरी ठेवणाऱ्याला पण मिळतात त्याहून कमी. ती ३६ वर्षांची, घटस्फोट झालेला, लहान मुलगा, आणि सगळं पोरांचं गाव परत एकत्र येऊन म्हणतंय की तू विकली गेलीस. ज्याने शून्य दिला होता त्या समीक्षकाने २०१९ मध्ये जाहीर माफी मागितली, १६ वर्षांनी, बरं वाटलं वाचून, पण १६ वर्षं म्हणजे केवढी.

मी स्वतः त्या वेळी शून्यवाल्यांच्या बाजूची होते हे कबूल करते. ऑफिसात एकाने 'व्हाय कान्ट आय' लावलं आणि मी तोंड वाकडं केलं, माझी लिझ असं गाते होय, वगैरे. माझी लिझ! बघा, मी पण त्याच कट्ट्यावर जाऊन बसले होते. नंतर मूल झाल्यावर त्याच अल्बममधलं 'लिटल डिगर' ऐकलं. आईचा नवीन मित्र घरी आलाय, लहान मुलगा आपले खेळण्यातले ट्रक घेऊन त्याच्यासमोर उभा, आणि आईला कळेना की या पोराला काय समजावू. तीन साडेतीन मिनिटांचं गाणं, एकही घाण शब्द नाही, आणि त्या बाईने लिहिलेलं सगळ्यात धीट गाणं मला हेच वाटतं. नुसत्या बिछान्यावर लिहिणं एक वेळ सोपं, आपल्या मुलाने आपल्याला बघितलं यावर लिहायला जिगर लागते. तर २००३ च्या अल्बमची रीत अशी, आधी 'लिटल डिगर', मग बाकीचं, आणि 'व्हाय कान्ट आय' जिममध्ये, ट्रेडमिलवर ते गाणं खरंच छान चालतं, लाजायचं कशाला.

२०१० चा 'फनस्टाइल' वगळलात तरी चालेल, म्हणजे मी वगळते. २०२१ चा 'सोबरिश' ऐका, परत ब्रॅड वुडबरोबर केलेला, पन्नाशीतल्या बाईचा आवाज, अजून खालच्या पट्टीत, अजून न लांबवता. वय झालेल्या रॉकवाल्या पुरुषांना आपण लेजंड म्हणून ऐकतो, हिला पण त्याच कानांनी ऐकून बघा.

आणि एक गाणं मी मुद्दाम मागे ठेवलंय, 'स्ट्रॅटफर्ड ऑन गाय', अल्बममधलं सतरावं. ते घरी ऐकायचं नाही. रात्री विमान उतरायला लागलं की ऐकायचं. ती विमानातून शिकागोला येतेय, संध्याकाळ, तळ्यामुळे आकाश निळंहिरवं धुरासारखं झालंय, शहर खाली सिनेमाच्या शेवटी नावं सरकतात तसं सरकतंय, ती पंखाच्या मागे २७डी मध्ये बसलीय, आणि थोडा वेळ नीट ऐकत बसल्यावर सगळा गोंगाट बंद होतो. सोळा गाणी पोरांशी भांडून झाल्यावर पोरगी एकदम वर जाऊन खाली बघतेय, कुणावर राग नाही. मी हे शिकागोला उतरताना ऐकलंय आणि मुंबईला उतरताना पण, मुंबईला तळ्याच्या जागी झोपड्यांची निळी ताडपत्री आणि मग एकदम धावपट्टी, तरी चालतं. फक्त सीट बघून घ्या. डी म्हणजे बऱ्याच विमानांत रस्त्याकडेची सीट असते, खिडकी लांब, तिथून तिला एवढं सगळं दिसलं कसं ते मला आजवर कळलेलं नाही, मी दोनदा मुद्दाम २७डी घेऊन बघितली, शेजारच्या काकांच्या डोक्याशिवाय काही दिसलं नाही. तुम्ही ए घ्या.